चार बाया आणि नऊ इंजिनियर

तुम्ही कधी डोक्यावर ओझं घेतलंय का? लॅपटॉपची बॅग नाही म्हणत. घरच्या जबाबदारीबिबदारीबद्दलही नाही. खरंखुरं ओझं. ओल्या मालानं भरलेलं घमेलं, वैशाखातलं ऊन, बांबूची परांची, आणि पोटात पाच महिन्यांचं पोर. नसेल घेतलं, तर कमला गजभियेनं काय केलं ते नीट ऐका आणि मधे बोलू नका. मधे बोलणारे त्या दिवशी नऊ जण होते. नऊच्या नऊ इंजिनियर.

कमलाबाई एकसष्ट वर्षांची. मूळची नागपूरची, आता सहा वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत मुलाकडे. मुलगा विवेक सॉफ्टवेअरमध्ये, सून रेणू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नात जागृती तिसरीत. नागपुरात कमलाबाईनं अठरा वर्षं बांधकामावर घमेली वाहिली, त्यातून विवेक शिकला. इथं मात्र कुणी विचारलं की विवेक म्हणायचा, "आई कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये होती." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईची मोठी फर्म असणार. कमलाबाई गप्प बसायची. पोराला लाज वाटते हे तिला कळत होतं, आणि त्याचा रागही येत होता.

श्रूजबरीतल्या आपल्या लोकांच्या मंडळानं विहारासाठी एक जुनी इमारत घेतली. कुठल्याशा क्लबानं शंभर वर्षांपूर्वी बांधलेली. पुढं दगडी ओसरी, पण तिच्या छताला खांब नव्हते. खांबांच्या जागी चार दगडी बाया होत्या, पुरुषापेक्षा उंच, पायघोळ वस्त्रातल्या, छत सरळ डोक्यावर घेऊन उभ्या. ही जुनी ग्रीक पद्धत आहे, असं जागृतीनं टॅबवर वाचून सांगितलं.

"आजी, आर दे गॉडेसेस?"

"देव्या कसल्या गं. कामावरच्या बाया आहेत ह्या."

बाकीचे आत जाऊन पार्किंग आणि वायफायचं बोलत होते. कमलाबाई बाहेरच राहिली. तिनं आधी त्यांच्या माना बघितल्या. चारही सरळ. ओझं असलं की मान वाकवायची नसते, वाकली की मेली. डोक्यावर गोल चुंबळ होती, छताच्या खाली, जशी कमलाबाई जुन्या लुगड्याच्या चिंधीची वळायची अगदी तशी. एका पायावर सगळा भार, दुसरा गुडघा जरासा सैल. दिवसभर उभं राहायचं तर असंच राहावं लागतं. आणि केस? जाड वेण्या मानेवरून पाठीवर सोडलेल्या, कारण मानेत दगड बारीक पडतो, तिथं जोर हवा. घडवणाऱ्यानं ओझं वाहणाऱ्या बाया बघितल्या होत्या. नुसत्या बघितल्या नव्हत्या, त्यांच्याकडून शिकला होता.

रविवारी वंदना झाली, जेवणं झाली. बाया खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. वर बैठक भरली. मंडळाच्या घटनेत नियम होता, एक कुटुंब एक मत. कुटुंबाचं मत कोण देणार हे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती. नऊ कुटुंबं, नऊ पुरुष, मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो.

अध्यक्ष अनुप मेश्राम म्हणाला, "भीमजयंतीच्या आत फ्रंट क्लीन करायचा. विहाराच्या दारात ग्रीक बायका बऱ्या दिसतात का? अंगाला चिकटलेले कपडे! त्या काढू, समोर सांचीसारखं फायबरचं तोरण लावू."

"आणि छत?" कुणीतरी विचारलं.

"वर स्टीलचा बीम असणारच यार. या नुसत्या डेकोरेटिव्ह."

चहाचा ट्रे घेऊन आलेली कमलाबाई तिथंच थांबली. "ओझं आहे त्यांच्यावर."

"काकू, आम्ही बघतो ना ते."

"बघितलं काय? मी बघितलं. काढल्या तर ओसरी खाली येईल."

"काकू, इथं सगळे इंजिनियर बसलेत," एक जण हसून म्हणाला.

"कशाचे?"

त्यावर सगळेच हसले. विवेक हळूच म्हणाला, "आई, चहा थंड होतोय." आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानंही हात वर केला. त्या हातात कमलाबाईचं मत होतं, रेणूचं मत होतं. नऊ विरुद्ध शून्य. शोभेची वस्तू काढायला परमिट कशाला, म्हणून तेही कुणी घेतलं नाही.

घरी जाताना गाडीत कमलाबाई म्हणाली, "माझं मत काहून दिलं त्यांना?"

"आई, एका घराचं एकच असतं."

"मग मला विचारायचं होतं."

"सोड ना. पुतळ्यांवरून वाद कशाला?"

कमलाबाईनं सोडलं नाही.

शनिवारी सकाळी सगळी कुटुंबं साफसफाईला विहारात जमली होती, तेवढ्यात दगड कापायचं मशीन घेऊन इक्वेडोरचा मिस्त्री आला. बघतो तर पहिल्या दगडी बाईला पाठ लावून एक जिवंत बाई उभी. थर्मल, वर स्वेटर, वर नऊवारी, पायात विवेकचे स्नो बूट. अनुप धावत आला.

"काकू, बाजूला व्हा. सेफ्टीचा प्रश्न आहे."

"तेच तर म्हणते मी."

"विवेक, आईंना घेऊन जा रे."

विवेक पुढं झाला. "आई, प्लीज. लोक बघतायत."

"बघू दे." मग ती सगळ्यांकडे वळून मोठ्यानं बोलली. आवाज असा की तळघरातल्या बाया हात पुसत वर आल्या. "माझा पोरगा तुम्हाला सांगतो, आई कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये होती. ती लाइन कुठली ते मी सांगते. घमेलं डोक्यावर घेऊन परांचीवर चढायची. अठरा वर्षं. हा पोटात असतानासुद्धा. कुठल्या डोक्यावर भार आहे नि कुठलं डोकं रिकामं, हे मला लांबून कळतं." तिनं नऊ जणांवरून नजर फिरवली. "लगेच कळतं."

कुणी हसलं नाही. म्हणजे उत्तरा हसली, अनुपची बायको. तिनं तोंडावर हात घेतला, पण उशीर झाला होता.

मिस्त्रीला मराठी कळत नव्हतं. कमलाबाईला स्पॅनिश येत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच. तिनं त्याला खुणेनं बोलावलं. दुसऱ्या दगडी बाईच्या मानेवर बोट ठेवलं. तिथं केसासारखी बारीक उभी चीर होती. मग चुंबळीखालचा सांधा दाखवला, तिथं शिशाचा पत्रा भारानं दबून बाहेर आला होता. मग दोन्ही हात डोक्यावर नेले, न दिसणारं घमेलं धरलं, आणि मान ताठ करून त्याच्याकडे बघत राहिली.

तो माणूस शिडीवर चढला. छताचं एक लाकूड उचकटलं, टॉर्च मारला, बराच वेळ आत बघत राहिला. मग खाली आला आणि मशीनचा प्लग काढला.

"नो स्टील," तो अनुपला म्हणाला. "ओन्ली लेडीज. यू कट, रूफ कम डाउन." आणि कमलाबाईकडे वळून छातीला हात लावला. त्याच्या आईनंही विटा वाहिल्या होत्या की काय, कोण जाणे. विचारायला भाषा नव्हती.

बाया वाचल्या. लक्षात घ्या, मतानं नाही वाचल्या. वजनानं वाचल्या. मतानं तर त्या नऊ विरुद्ध शून्य मेल्या होत्या.

पुढच्या रविवारी अनुपनं मोठ्या मनाचा आव आणला. "विवेकच्या आईंनी लक्षात आणून दिलं, त्यांचे आभार." टाळ्या झाल्या. बरोबर ठिकाणी टाळ्या वाजवून माणसं मोकळी होतात. कमलाबाई ट्रे न घेता वर आली होती.

"आभार ठेवा तुमच्याजवळ. आणि विवेकची आई काय? कमला गजभिये नाव आहे माझं. ठराव लिहून घ्या. एक माणूस एक मत. बाईला पण."

"काकू, बायलॉजमध्ये तसं नाहीये."

"मग बदला. बायलॉज काय दगडाचे आहेत?"

"मी अनुमोदन देतो," विवेक म्हणाला. उठून उभा राहिला होता, कान लाल झाले होते. "आणि एक. आई घमेली वाहायची. मी लपवलं. ती चूक माझी होती."

मतदान झालं. अर्थात जुन्याच नियमानं, नऊ हातांनी. ठरावाच्या बाजूनं चार, विरोधात पाच. पाचवा हात अनुपचा.

"अनुप," उत्तरा दारातून म्हणाली, "हे मत कुणाला विचारून दिलंस?"

"घरी बोलू आपण."

"इथंच बोलू. हात खाली घे."

त्यानं हात खाली घेतला नाही. ठराव पडला.

तेव्हापासून तळघरातल्या शेगड्या बंद आहेत. दर रविवारी बाया वर येतात, पहिल्या दोन रांगा धरून बसतात. चहा ज्याला हवा तो खाली जाऊन करून आणतो. गेल्या बैठकीत नऊ इंजिनियरांना चहातलं आलं कुठं ठेवलंय ते सापडलं नाही. कमलाबाई जागृतीला सोबत घेऊन घरोघर जाते, ठरावासाठी सह्या गोळा करते. स्वतःची सही मराठीत करते. विवेक गाडी चालवतो आणि दारात उभं राहून स्वतः सांगतो, ही माझी आई, हिनं डोक्यावर घरं बांधली. पाचांपैकी एक जण डळमळलाय म्हणतात. कोण ते कमलाबाई सांगत नाही.

ठराव पुन्हा येणार आहे. तो त्यांचा. तुमचं काय? तुमच्याही अमेरिकेतल्या गावात मंडळ असेल, आयसेलिनला असेल, ईडन प्रेरीला असेल, त्याची घटना असेल, ती कुणाच्या तरी ईमेलमध्ये धूळ खात पडली असेल. आज ती मागवा. मतदानाचं पान उघडा. "एक कुटुंब" असं लिहिलेलं दिसलं तर उद्याच्या बैठकीत उभ्या राहा, उभे राहा, आणि ते खोडायला लावा.