दोऱ्याचं माप

गंगापूर रोडवर विमानाची तिकिटं काढून देणारे एक काका आहेत. टेबलावर कॉम्प्युटर आला तरी अंतर ते पृथ्वीच्या गोलावर गजऱ्याचा दोरा ताणूनच मोजायचे. "नकाशा सपाट, म्हणून खोटं बोलतो," म्हणायचे. प्रवासाचा वेळ त्यांनी कधी तासांत सांगितला नाही. "दोन जेवणं, एक झोप. शिवाय मुंबईला जाताना कसारा घाटातला चहा, तो वेगळा धरा."

धाकटा भाऊ टोरांटोला निघाला तेव्हा आईनं त्यांना विचारलं, "किती लांब हो?" काकांनी दोरा ताणला, कापला आणि तिच्या हातात दिला. "एवढंच, वहिनी." आईनं तो पोथीत जपून ठेवला.

परवा, आई गेल्यानंतर, पोथी उघडली तर दोरा तिथंच. आता अंतर फोनच सांगतो, तरी मी तो घेऊन काकांकडे गेलो. गोल तोच होता. एक टोक मुंबईवर धरलं, तर दुसरं रशियातच संपलं.

"काका, हा तर अर्ध्यावरच..."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मोजला पूर्ण होता रे. कापताना वहिनींकडे बघितलं."