साडूची डबी

शिंप्याचं डोकं दर सुट्टीला एकाच गोष्टीने फिरायचं, ती म्हणजे साडूची डबी. दुकान बंद ठेवून दोघे साडू कापड बेतायच्या टेबलावर लढाईच्या पत्त्यांचे तीन डाव मांडत; प्रत्येकाचा गठ्ठा घरून आपापल्या पसंतीने निवडून आणलेला. शिंप्याची सगळी भिस्त त्याच्या लाडक्या ड्रॅगनच्या पत्त्यावर. पहिला डाव तो हमखास जिंकायचा. मग साडू डबी उघडायचा, त्यातले ड्रॅगनवर उतारा असलेले राखीव पत्ते आपल्या गठ्ठ्यात घालायचा आणि उरलेल्या डावांत ड्रॅगनला लोळवायचा.

"ही काय स्पर्धा आहे, साडूभाऊ? घरच्या खेळात कसले राखीव पत्ते? पुन्हा ती डबी दिसली, तर कात्रीच चालवतो!"

पुढच्या सुट्टीला साडू खरंच डबीशिवाय आला. शिंपी खुशीत खेळायला बसला आणि पहिल्याच डावात ड्रॅगन आडवा झाला. पुढच्या दोन्ही डावांतही तेच.

"आता हे काय?" शिंपी कडाडला.

"डबी बंद केलीत, म्हणून ते पत्ते घरूनच गठ्ठ्यात घालून आणले. मी खेळतो फक्त तुमच्याशी, आणि तुम्ही काही तो ड्रॅगन सोडत नाही. माप पाठ असल्यावर बेतायला कितीसा वेळ लागतो?"

शिंप्याने दातओठ खाल्ले. डबी होती तेव्हा निदान पहिला डाव तरी त्याचा असायचा.