पेटीवाले काका समाचाराला जातात

आमच्या काकांना सगळी गल्ली पेटीवाला म्हणते. पेटी म्हणजे माणसाला शेवटचं निजवायची. खाली कारखाना, वर आम्ही, त्यामुळे आमच्या घरात दुधावर सायीआधी लाकडाचा भुसा धरतो. धंदा असला तरी काका मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यातले नव्हेत. गरिबाची पेटीसुद्धा आतून रंधा मारून गुळगुळीत करतात. आत कोण हात फिरवून बघणार आहे, असं काकी विचारते. ज्याला झोपायचंय तो, असं काका म्हणतात.

काका खोटंही बोलत नाहीत. हा गुण पुस्तकात शोभतो, घरात त्याचा जाच होतो. माझ्या लग्नाच्या झग्याकडे बघून त्यांनी "खांद्यात चुकलाय" असं सांगितलं होतं, तेही चर्चच्या दारात.

त्यातून त्यांना एक खोड. समोर माणूस आला की त्यांची नजर डोक्यापासून निघते आणि तळपायाशी थांबते. बोलता बोलता हाताची वीत टेबलाच्या कडेवरून चालायला लागते. शिंप्याने असं बघितलं तर लोक छाती फुगवतात. काकांनी बघितलं की त्यांना विसरलेल्या प्रार्थना आठवतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, पण यांची खोड दुसऱ्यांच्या मरणावर टपलेली दिसायची, त्याला काय करणार?

एका रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं, की आजाऱ्याच्या समाचाराला जाणं म्हणजे प्रभूलाच भेटायला जाणं. बाकीच्यांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. काकांनी तेवढं घरी आणलं. संध्याकाळी केस विंचरून निघाले, आणि बोलायला कुणी हवं म्हणून मलाही सोबत घेतलं.

पहिले सापडले तापाने पडलेले मास्तर. काका त्यांच्या पायथ्याशी उभे राहिले. मास्तरांनी सवयीने विचारलं, की कसा दिसतोय मी? काकांनी नीट बघून सांगितलं, लांबीला आहात तेवढेच आहात, रुंदीला मात्र उतरलात. मास्तर त्याच मिनिटाला उठून बसले आणि त्यांनी जेवायला मागितलं. पुढच्या गल्लीतली म्हातारी अंथरुणाला खिळली होती. काका फाटकाशी दिसताच ती अंगणात जाऊन कपडे वाळत घालायला लागली. तिच्या सुनेने काकांचे आभार मानले, म्हातारीने मात्र थेट फादरांचं घर गाठलं.

फादरांनी काकांना बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं, की प्रार्थना घरूनही पोचते. काकांचा चेहरा पडला. रात्री जेवताना पावाला हातही लावेनात, तेव्हा काकीने खोदून खोदून विचारलं. मग कळलं, की त्यांना खरं जायचं होतं बेकरीवाल्याकडे. बाकीचे आजारी सरावासाठी होते.

बेकरीवाला म्हणजे काकांचा लंगोटीयार. त्याची आई गेली तेव्हा काका लाकूड काढून बसले होते, सगळ्यात चांगलं, जुनं, मुरलेलं. आणि या पठ्ठ्याने मोठ्या दुकानातून चकचकीत कड्यांची तयार पेटी आणली. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून बोलणं बंद, त्याचा पाव बंद. ते लाकूड त्यांनी कुणालाच वापरलं नाही, आजही कारखान्यात मागच्या भिंतीला टेकून उभं आहे. पावाचं म्हणाल तर काकी आणि मी तो त्याच्याचकडून आणत होतो आणि स्टेशनकडच्या दुकानातला म्हणून वाढत होतो. दुसरीकडचा पाव म्हणजे नुसता कापूस.

आता बेकरीवाल्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, दोनच दिवसांनी.

"मी गेलो नाही आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर देवाला काय तोंड दाखवू?" काका म्हणाले. "आणि मी गेलो, आणि मला बघूनच त्याचं काही झालं तर?"

यावर तोडगा काकांनी सकाळी शोधून काढला, आणि मी कपाळाला हात लावला. ते उलटे जाणार होते.

खरोखर गेले. बेकरीवाल्याच्या दारापर्यंत सरळ चालले आणि तिथे गर्रकन फिरून त्यांनी माझा हात धरला. बेकरीवाल्याची बायको लाटणं घेऊनच दारात उभी होती. भावोजी, आज नको, पाया पडते, असं ती म्हणणार होती. पण पाठमोऱ्या माणसाला कसं अडवायचं हे तिला सुचेना. काका उंबऱ्याला अडखळले, कपाटावर आदळले आणि खुर्ची चाचपून पलंगाकडे पाठ करून बसले. समोर भिंत होती, तिच्याशीच बोलायला लागले.

"बघत नाहीये मी तुझ्याकडे. घाबरू नकोस."

पलंगावरून खुसखुस ऐकू आली. बेकरीवाला उशी तोंडाशी धरून हसत होता आणि त्याची बायको, डॉक्टरांनी हसायला मना केलंय, म्हणून त्याला दटावत होती.

काकांनी भिंतीची माफी मागितली. चुकलं माझं, म्हणाले, पेटी कुठून आणायची हा तुझा प्रश्न होता, मी आई गेलेल्या माणसावर रुसून बसलो. मग घसा खाकरून म्हणाले, "आणि पाव मी तुझाच खातोय, तेव्हापासून. या दोघींना वाटतं मला कळत नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं.

बेकरीवाल्याचं हसू थांबलं होतं. "ती पेटी आईला आखूड पडली," तो म्हणाला. "गुडघे दुमडावे लागले रे तिचे. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

काकांची पाठ हलायला लागली. त्यांना मी रडताना कधी बघितलं नव्हतं, तेव्हाही पाठच बघितली. मलाही आवरेना.

"वळ इकडे," बेकरीवाला म्हणाला. "आणि माझं माप घे. उद्याचं काय सांगावं? मला आखूड नको, तुझ्या हातची हवी."

बायकोने लाटणं घट्ट धरलं. काका उठले, वळले. त्यांनी आपल्या मित्राकडे बघितलं, आणि मी त्यांच्या हाताकडे. वीत उघडली नाही. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"जमायचं नाही," ते म्हणाले. "तुझ्या मापाचं लाकूडच नाहीये माझ्याकडे."

बेकरीवाला समाधानाने उशीला टेकला, कारण काका खोटं बोलत नाहीत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.