लिनभाऊंचा थर्मास

"फोर पॉइंट नाइन."

मी जगतापकाकांचं बोट पुसलं आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. पुन्हा तोच आकडा.

मी ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात फार्मसिस्ट आहे. काका कराडचे, एसटीतून रिटायर झालेले, इथे लेकीकडे राहतात. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ ठेवायला वॉरफरिनची गोळी. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते आयएनआर नावाच्या आकड्यावरून कळतं. काकांचा दोन ते तीनमध्ये हवा. पाचच्या घरात गेला, की नुसतं पडल्यानंही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

"गोळी जास्त घेतलीत?"

"छे!"

"दुसरं औषध? आयुर्वेदिक? काढा?"

"पोरी, शपथ सांगतो, काही नाही."

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आज-उद्या गोळी बंद, कारण शोधा, तोवर पार्कमध्ये हिंडणं नको. सोबत आलेली लेक, रश्मी, लगेच म्हणाली, "ऐकलंत ना बाबा? वॉक बंद." काकांचा चेहरा एवढासा झाला. दिवसभर घरात माणूस नाही; सकाळचा वॉक तेवढा त्यांचा. मलाच कसंतरी झालं.

"वॉकला कोण असतं सोबत?"

"लिनभाऊ! त्यांना इंग्लिश येत नाही, मला चायनीज. पण जमतं आमचं. मी चिवडा नेतो, ते थर्मासमधून गरम काहीतरी देतात. गोडसर. मुळ्या-बिळ्या असतात त्यात."

"अहो काका! मग औषध नाही कसं म्हणालात?"

"औषध कुठलं? पाहुणचार तो. प्रेमानं दिलेला कप परत लोटायचा का?"

आता मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पार्कमध्ये गेले. थर्मासवरून लिनभाऊंना ओळखलं. त्यांनी सुनेला, मेईला, फोन लावून दिला. तिनं सगळं सांगितलं. मुळी म्हणजे दांगशेन, दिसायला सुकलेल्या बारीक गाजरासारखी. जिनसेंग महाग, म्हणून घरोघरी हीच उकळतात, थकलेल्याला ताकद यावी म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी चढावर काकांना धाप लागली. तेव्हापासून लिनभाऊ रोज खास त्यांच्यासाठी उकळत होते.

मी एक घोट घेतला. छान लागलं, खोटं कशाला बोलू! मुळीलाच दोष देऊन मोकळी होणार होते. तेवढ्यात कपाच्या तळाशी नारिंगी फळं दिसली. गोजी बेरी. चवीसाठी लिनभाऊ मूठभर टाकायचे. या बेरींनी वॉरफरिनचा जोर वाढल्याच्या नोंदी आहेत. मुळीबद्दल मला पक्कं काही मिळालं नाही, म्हणून तिलाही क्लीन चिट दिली नाही. दोन्ही बंद.

मेईकडून लिनभाऊंना कळलं, तेव्हा ते काकांच्या घरी गेले आणि त्यांचा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या.

आठवड्यानं आयएनआर दोन पॉइंट सहा. डॉक्टरांनी वॉकला परवानगी दिली. थर्मास अजूनही येतो, पण त्यात नुसतं गरम पाणी असतं. काका म्हणतात, "चव नाही, पण कप तोच आहे."

तेव्हापासून मी पेशंटला "दुसरं औषध घेता का?" एवढंच विचारून थांबत नाही. "तुम्हाला कोण काय खाऊ-पिऊ घालतं?" हेही विचारते.

परवा मेई काउंटरवर आली. सासऱ्यांचं ब्लड प्रेशर अचानक वाढलंय म्हणे. "ते मित्र रोज पिवळं, खारट, कुरकुरीत काहीतरी देतात. पप्पा डबा संपवूनच येतात. काय असतं त्यात?"

मी काकांना फोन लावला.

"चिवडा?" काका म्हणाले. "अगं, तो तर पाहुणचार!"