आधी होडी, मग कागद

भिवा मामांकडे कामाला आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. भाट्याच्या खाडीकाठी काशीराममामांची शेड होती. तिथे होड्या दुरुस्तीला येत. ती जागा मामांनी स्वतःच्या कष्टाने घेतलेली. त्यांचा मुलगा निलेश आणि मुलगी नम्रता शिकून ठाण्याला गेली. शेडमध्ये राहिला तो बहिणीचा मुलगा, भिवा.

किडलेली फळी काढायची, नवी तासून बसवायची, सांध्यात कापसाची वात ठोकायची. वात सैल राहिली तर पाणी आत येतं, जास्त ठोकली तर फळी उचलते. भिवाच्या हातची होडी गळतीसाठी परत आली नाही. मामा देतील ती मजुरी तो घेई. पुढेमागे शेड आपलीच, असं मनात होतं, पण त्याने ते तोंडातून कधी काढलं नाही.

मामा थकले. त्या शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा त्यांनी गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गुरवाने आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, काशीरामाच्या माघारी घर पोरांचं नि शेड भिवाची. कोण आडवा आला तर त्याला सद्‌बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. सणाला आलेला निलेशही ओरडला.  भिवा मात्र पालखीच्या दांड्याकडे बघत राहिला.

घरी बायको गुणवंती म्हणाली, "देवाने ऐकलं. कचेरीने ऐकलं काय?"

"गप गो."

"गप काय? मामांना सांगा, लिहून द्या म्हणून."

"मी सांगू? लोक म्हणतील, भाचा म्हाताऱ्याच्या मरणावर टपलाय."

शेवटी मामांनीच विषय काढला. वकिलाशी बोलून रजिस्टर कचेरीत जायचा दिवस ठरवला. तो दिवस नेमका वैशाखातल्या अमावास्येला लागून आला. मोठी होडी वर ओढायची तर उधाणाची भरतीच लागते. ती चुकली की पुढच्या उधाणापर्यंत पाणी शेडच्या उतारापर्यंत पोचत नाही. होडीवाला सकाळपासून माणसं घेऊन उभा होता.

भिवा धुतलेला सदरा घालून आला. मामा बनियनवरच होते.

"सदरा काढ. कचेरी काय पळून जाते? उधाण आपल्यासाठी थांबणार नाय. आधी होडी, मग कागद."

भिवाला हायसं वाटलं. कागदासाठी मामांच्या मागून कचेरीच्या पायऱ्या चढायची त्याला लाजच वाटत होती. त्याने सदरा खुंटीला लावला आणि दोरखंडाला खांदा दिला. खाली ओंडके, वर माणसं. एक हाळी, एक ओढ, होडी हातभर पुढे. मागचा ओंडका उचलून पुन्हा पुढे घालायचा. कुणी अर्ध्या जोराने ओढलं की मामांना न बघता कळायचं. "कोण रे तो पाव्हणा? जेवायला बोलवलाय काय?" माणसं हसत आणि ओढत. पाणी उतरायच्या आत होडी वर आली.

पुढच्या उधाणाला दुसरी होडी होती. पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई. आषाढात एका दुपारी मामा शेडमधल्या बाकड्यावर चहा घेऊन बसले, ते उठले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर निलेश भिवाला घेऊन वकिलाकडे गेला.

"मृत्युपत्र?" वकिलाने विचारलं.

"नाय. पण गाऱ्हाणं घातलंय," भिवा म्हणाला. "सगळी वाडी होती."

"मी खरं बोलतो," निलेश म्हणाला. "मी पण होतो."

वकील हसला नाही. "देवासमोरचं बोलणं मृत्युपत्र म्हणून चालत नाही, भिवाभाऊ. काकू आधीच गेल्या; मुलं दोन, वारस दोन. भाच्याला काही येत नाही."

"कचेरीत जायचं ठरलं होतं. त्या दिवशी उधाण होतं."

"कचेरीत जायची गरजच नव्हती. साध्या कागदावर लिहून काशीरामकाकांनी सही केली असती आणि समोर दोन माणसांनी साक्षीची सही केली असती, तरी पुरलं असतं."

भिवाला दोरखंडाला लागलेली माणसं आठवली. सगळ्यांना सही येत होती.

पायऱ्या उतरताना निलेशने त्याचा हात धरला. "भिवादादा, माझा अर्धा हिस्सा मी आत्ता देतो."

"नि नम्रताचा?"

निलेशने हात सोडला. मग म्हणाला, "तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चाललंय. तिला पैसे हवेत. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"नको सांगू. तू दिलास तरी अर्ध्या जागेत अर्धी होडी मावेल. अर्धी होडी कोण आणतो दुरुस्तीला?"

जागा विकायचं ठरलं. शेडमध्ये एक होडी अजून बाकी होती. भिवाने तिची वात नेहमीच्याच जोराने ठोकली. नारळी पुनवेच्या भरतीला ती पाण्यात गेली. खाली घातलेले ओंडके तसेच चिखलात पडून राहिले. निलेश म्हणाला, "हत्यारं तुझी." भिवाने ती गोणीत भरून घरी नेली. आता तो दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर जातो. तिथली हत्यारं तिथल्या मालकाची.

यंदाच्या शिमग्याला पालखी भिवाच्या दारात आली. निलेशही आला होता. गुरवाने विचारलं, "भिवा, काय मागणं घालू?"

"मागणं काय नाय. सगळ्यांना सांभाळ म्हण. नि जाताना एक सही कर."

त्याने घडी केलेला कागद पाटावर ठेवला. पोरबाळ नव्हतं. राहतं घर गुणवंतीचं, असं त्यात लिहिलं होतं. त्याने दोघांसमोर सही केली. गुरवाने गुलालाचा हात धोतराला पुसला आणि सही केली. मग निलेशने पेन घेतलं. कागद वाचताना तो शेवटी अडला.

"दादा, 'माझी हत्यारं' लिहिलंयस नि पुढे जागा कोरी."

"ती चालवील असं नाव सापडलं नाय," भिवा म्हणाला. "तू सही कर."