जिन्यावरून पडलेला माणूस

माझा हात लवकर उठतो. ही फुशारकी नाही, पण मी ते लपवतही नाही. आखातात, अजमानला बांधकामावर असताना एका फोरमनने फावड्याच्या दांड्याने माझी पाठ सोलून काढली होती. त्या दिवशी मी ठरवलं होतं, आपण कधी सुपरवायझर झालो तर कोणाला बोटही लावायचं नाही. पुढे रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात सुपरवायझर झालो आणि सहा महिन्यांत ते सगळं विसरलो.

माझ्या लाइनवर माझ्याच गावचा एक जण होता. त्याचा व्हिसा मीच खटपट करून मिळवून दिला होता. मला दादा म्हणायचा. गावाकडे त्याच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर व्हायचं होतं. ते होईपर्यंत ही नोकरी टिकली पाहिजे, एवढंच तो घोकत असायचा.

त्या सकाळी मालकाचे पाहुणे कारखाना बघायला आले होते. भट्टीतून टाइल्स एकामागून एक बाहेर येत होत्या, मी इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यांपुढे उभा होतो, आणि अचानक लाइन थांबली. माझ्या गाववाल्याने लाल बटण दाबलं होतं. मागून येणाऱ्या टाइल्स एकमेकींवर चढून खळाखळा फुटायला लागल्या. मॅनेजर ओरडला, "ये क्या तमाशा है? यल्ला, चालू करो!"

मी धावत गेलो आणि काही न विचारता त्याच्या डाव्या कानाखाली सणसणीत लगावली. तो मशीनच्या लोखंडी चौकटीवर आपटला. उठायला लागला, तेव्हा कमरेत लाथ घातली. ती लाथ मला अजून छळते. थोबाडीत मारली ती रागाने, पण लाथ मारली ती पाहुण्यांना दिसावी म्हणून.

मग पलीकडे लक्ष गेलं. तिथे एक नेपाळी कामगार उभा होता. त्याचा हातमोजा रोलरमध्ये ओढला जाऊन पार चिंधड्या झाला होता आणि तो आपली बोटं पुन्हा पुन्हा मोजत होता. पाचही शाबूत होती. बटण दाबायला जरा उशीर झाला असता तर मनगटापासून हात गेला असता.

माझ्या गाववाल्याच्या कानातून रक्त येत होतं.

कारखान्यात मारामारीचा नियम सरळ होता. मारणारा आणि मार खाणारा, दोघांचाही व्हिसा कॅन्सल, दोघंही विमानात. सुरुवात कोणी केली, हे कोणी विचारत नसे. हाणामारी बंद व्हावी म्हणून केलेला नियम, पण त्याने मार खाणाऱ्यांची तोंडंच तेवढी बंद झाली होती. दवाखान्यात नर्सने विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सिस्टर, सीढी से गिर गया."

"हां, मेरे सामने गिरा," मी म्हणालो. मला माझी किळस आली, पण शब्द तोंडातून गेले ते गेलेच.

पडल्याची नोंद अपघात म्हणून झाली, म्हणून सेफ्टी ऑफिसरने हुकूम काढला: जिना कसा उतरायचा, यावर सगळ्यांना माहिती द्या. लाइन माझी, म्हणून बोलायचंही मीच. शिफ्टच्या आधी मी दुसऱ्या पायरीवर उभा राहिलो आणि कठडा धरायचं महत्त्व सांगू लागलो. सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं. मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि माझी मूठ आपोआप वळली. त्याही वेळी.

ऑफिसर म्हणाला, "जो गिरा था, वही करके दिखाए."

तो कानात कापसाचा बोळा घालून वर गेला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो माझ्या उजव्या हाताला, सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला.

ऑफिसरने माझ्या हातात आणखी एक कागद दिला. सरकारी सूचना होती, सगळ्या कामगारांना वाचून दाखवायची. मी आधी हिंदीत, मग मराठीत भराभर वाचली. कामावर कोणी मारलं, शिवीगाळ केली, पासपोर्ट काढून घेतला, तर या नंबरवर फोन करा. तुमचं नाव गुप्त ठेवलं जाईल.

"समझा सबको? खलास?" मी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

तो तेवढा हलला नाही. त्याने हळूच वळून उजवा कान माझ्याकडे केला.

"दादा, ह्या डाव्या बाजूने काहीच ऐकायला येत नाही हो आता. परत एकदा वाचा ना."

सगळे थांबले होते. मी कागद वर धरला. 'कामावर कोणी मारलं' इथपर्यंत वाचलं आणि कागद खाली केला.

"वाचा, दादा," तो म्हणाला. "पुढे वाचा."