सावडीला गेलेली बारा मुलं

भूगावहून कोळवणला जायला तासभर पुरतो. एवढ्याशा प्रवासाचं कुणी वर्णन लिहितं का, असं घरात विचारून झालंय. नवऱ्याने तर मी बाजारात जाऊन आल्यावर वहीपेन पुढे केलं. पण या तासाभराच्या वाटेने मला जेवढं खजील केलं तेवढं मनालीच्या सहलीनेही केलं नव्हतं, म्हणून लिहितेच.

मी भूगावच्या एका शाळेत आठवीला इतिहास-भूगोल शिकवते. आमची बहुतेक मुलं लातूर, जळगाव, अकोल्याहून नोकरीसाठी इकडे आलेल्यांची. सिंगापूर पाहिलेली निम्मी निघतील, पण आपण ज्या मुळशी तालुक्यात राहतो त्यातलं त्यांनी धरणाकाठचं रिसॉर्ट सोडून काही पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात पौडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथे शेजारी साबळे गुरुजी बसले होते. कोळवणच्या पुढच्या एका वाडीवर त्यांची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत, पट चोवीस. दुपारच्या चहाला ते म्हणाले, "मॅडम, तुमची पोरं आमच्याकडं पाठवा, आमची तुमच्याकडं येतील." चहा संपायच्या आत ठरलं. नोव्हेंबरात आमची बारा मुलं तिकडे तीन दिवस, डिसेंबरात त्यांची मुलं आमच्याकडे. आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी आनंदाने सही केली.

शनिवारी सकाळी सातला बस गेटवर उभी होती. मुलं चढली, आणि प्रिन्सिपल मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"डिसेंबरचं सध्या नको," त्या म्हणाल्या. "पालकांचे मेल आलेत. परीक्षा जवळ, बाहेरची मुलं वर्गात, त्यांच्या राहण्याची जबाबदारी कोण घेणार वगैरे. तुम्ही छान जाऊन या. तिकडे आत्ता काही बोलू नका, मी नंतर पत्र पाठवते. आणि या पिशव्या त्यांच्या मुलांना द्या."

चोवीस पिशव्या होत्या. प्रत्येकीत वह्या, रंगपेट्या, शाळेचं नाव छापलेला डबा. मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, की मग आपणही जायचं नको. म्हटलं नाही. मला जायचं होतं. पिशव्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि मुकाट्याने बसले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पिरंगुटचा घाट सातच्या आत ओलांडा, नाहीतर कंपन्यांच्या बसगाड्या पुढे-मागे लागतात आणि तुम्ही नुसते ब्रेकचे दिवे बघत बसता. आम्ही नेमके तिथे अडकलो. पिरंगुटच्या बाजारात मिसळ चांगली मिळते, पण 'तिखट कमी' असं सांगण्यात अर्थ नाही, ते ऐकून घेतात आणि जे करायचं तेच करतात. पौडपर्यंत रस्ता उत्तम. पौड सोडून कोळवणच्या बाजूला वळलं की तो अरुंद होतो आणि डोळे उघडतात. दोन्ही अंगांना पिकलेलं भात, मधूनच कुणा पुणेकराच्या फार्महाऊसचं गेट, त्यावर कुत्र्याच्या चित्राची पाटी. कुत्रा मात्र मला एकाही ठिकाणी दिसला नाही.

वाडीवरची शाळा दोन खोल्यांची. आमच्या मुलांनी आधी पटांगण पाहिलं आणि बॅगा टाकून पळत सुटली. त्याला कारण होतं. आमच्या शाळेचं मागचं मैदान दिवाळीपासून बंद आहे. गवत कमरेएवढं वाढलंय, त्यात साप दिसला असं कुणीतरी पालकांच्या ग्रुपवर टाकलं, आणि गवत काढणारा माणूस आज येतो उद्या येतो करत अजून यायचा आहे.

इथे एका खोलीत चार इयत्ता बसतात. गुरुजी पाचवीला भागाकार सांगत असले की सातवीची मुलगी दुसरीचं वाचन घेते. ते पाहून आमची रेवा, जी माझ्या वर्गात शेजारणीला खोडरबर द्यायलाही का-कू करते, जमिनीवर बसून एका चिमुरडीला जोडाक्षरं वाचून दाखवू लागली. वाचन घेणारी ती सातवीची मुलगी म्हणजे कोमल. मला उतरायचं होतं ते तिच्याच घरी. तिने वाटेत माझी पुरती उलटतपासणी घेतली.

"तुमच्या शाळंत घंटा कोण वाजवतं?"

"आपोआप वाजते. मशीन आहे."

"मग शिकवायचं ऱ्हायलं आसंल तर?"

"तरी वाजते."

कोमलला हे मुळीच पटलं नाही. तिला प्रयोगशाळा बघायची होती, आणि आमच्या वर्गात एक पूर्ण दिवस बाकावर बसायचं होतं. पुढच्या वर्षी आठवीला तिला पौडला जावं लागणार, तिथले वर्ग मोठे, म्हणून आधी सवय करून घ्यायची होती. डिसेंबरला येताना बसमध्ये कोणी कुठे बसायचं याची तिने यादीच केली होती. ती यादी तिने मला दाखवली. छान आहे म्हणाले, आणि तेवढं बोलताना मला मान वर करता आली नाही.

तिची आई मंदाबाई. बोलणं रोखठोक, वाढणं त्याहून रोखठोक. तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि खालच्या खाचरात आधी पिकलेल्या नव्या इंद्रायणी तांदळाचा भात. नवा तांदूळ मऊ आणि चिकट होतो, तो मोकळा का नाही म्हणून विचारू नका. मी विचारलं. "मोकळा पायजे तर जुना खावा," असं उत्तर मिळालं.

रविवारी भात कापणी. या वाडीवर आठ घरं सावडीने काम करतात. म्हणजे आज सगळ्यांनी मंदाबाईच्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी शेजारणीच्या, असं फिरत फिरत आठही शेतं उरकायची. मजूर लावायचा नाही, कुणी कुणाला काही द्यायचं नाही. दिवसाला दिवस. त्या रविवारी मंदाबाईची पाळी होती आणि आमची बारा मुलं धरून शेतात मोठाच घोळका झाला.

जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. भाताची पाती हाताला अशी चरचरते की रात्री अंघोळीचं पाणी नको वाटतं. प्रत्येकाला आपापली पात मिळते, म्हणजे बांधापासून बांधापर्यंतचा हातभर रुंद पट्टा. विळ्याने कापत पुढे जायचं. आमची मुलं पहिली दहा मिनिटं फोटोत होती, मग कंबर धरून उभी राहिली. मीही उभी राहिले. सातवीची पोरं पलीकडच्या बांधाला टेकली तेव्हा रेवा निम्म्यातही नव्हती आणि रडकुंडीला आली होती. एवढ्यात कोमल बांधावरून वळली आणि रेवाच्या पातीत समोरून कापत यायला लागली.

"अगं, तुझी झाली ना?" रेवा म्हणाली.

"झाली की. पर तू मागं हायेस."

"मग तू बस ना."

"बांधाव समदी संगंच बसत्यात," कोमल म्हणाली आणि कापत राहिली.

वळून पाहिलं तर प्रत्येक मागे पडलेल्या मुलाच्या पातीत समोरून कुणी ना कुणी येत होतं. माझ्या पातीत गुरुजी येत होते, ते पाहून मला लाजच वाटली. शेवटची मूठ कापली गेली तेव्हाच सगळे एकदम बसले आणि पाण्याची कळशी फिरली. वीस वर्षं मी वर्गात 'ज्याचं झालं त्याने हात वर करा' म्हणत आलेय.

दुपारी भाकरी खाताना मंदाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमची बारा पोरं राबली. आता आमचे बारा दिस तुमच्याकडं."

"आमच्याकडे कुठलं आलंय शेत," मी हसण्यावारी नेलं.

"शेत नसंल. काम तर आसंलच की."

सोमवारी सकाळी निघताना मी ती चूक केली. पटांगणात मुलांना रांगेत उभं केलं, दोन शब्द बोलले आणि पिशव्या वाटायला घेतल्या. डोक्यात हेच होतं, की पिशवी दिली की आपण तरी रिकाम्या हाताने गेलो नाही. पहिली कोमलला दिली. मंदाबाईंनी पुढे येऊन ती तिच्या हातातून घेतली.

"ह्ये कशापायी?"

"मुलांसाठी. प्रेमाने आणलंय."

"काल राबलात त्याच्यावर द्यायचं न्हाई काय. आमीबी तुमाला देणार न्हाई. दिलं की सावड मोडली म्हणत्यात. म्हंजी पुन्हा येणं-जाणं नको."

मंदाबाईंनी पिशवी बसच्या पायरीवर नीट ठेवली, फेकली नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. बरोबर ओळखलं होतं त्यांनी. येणं-जाणं नको, हेच त्या पिशव्या सांगत होत्या, आणि ते मी सोडून कुणाला माहीत नव्हतं. मग मी सगळं सांगून टाकलं. पालकांचे मेल, परीक्षा, डिसेंबर रद्द. गुरुजी खाली बघत राहिले. माझी बारा मुलं माझ्याकडे बघत राहिली.

कोमलने विचारलं, "आमचं काय चुकलं?"

"तुझं काही नाही चुकलं गं," एवढंच मला सुचलं.

मंदाबाई म्हणाल्या, "तुमचं तुमी बगा. पर आमचे दिस ऱ्हायलेत."

परतीच्या बसमध्ये गाणी झाली नाहीत. पिरंगुटच्या घाटात रेवा माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅम, तुम्हाला जायच्या आधीच माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती पुन्हा मागे जाऊन बसली.

आल्यावर मी प्रिन्सिपल मॅडमना भेटले, लेखी दिलं, पालकसभेतही बोलले. "बघू" असं उत्तर मिळालं. बघू म्हणजे काय हे नोकरदार माणसाला कळतं.

आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी, दुसऱ्या तासाला, वॉचमनचा फोन आला. "मॅडम, गेटवर बायका-पोरं आलेत. तुमचं नाव सांगतायत. विळे आहेत त्यांच्याकडे."

मी धावत खाली गेले. मंदाबाई, आणखी तीन बायका, कोमल धरून सहा मुलं. मागे साबळे गुरुजी, चेहरा पडलेला. "नको नको म्हणत होतो मी," ते म्हणाले. "शेवटी हजेरीवर क्षेत्रभेट लिहिली आणि आलो." पौडहून शहरबस पकडून सगळे आले होते.

"भाताची झोडणी उरकली," मंदाबाई म्हणाल्या. "आता सांगा, काम काय हाय?"

त्यांच्या पदराआडून विळ्यांच्या मुठी दिसत होत्या. सावडीला आपलं हत्यार आपण न्यायचं असतं. मग मला मागचं मैदान आठवलं.

वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 'कामाचं स्वरूप' असा रकाना आहे. तिथे मी 'गवत काढणे' लिहिलं आणि खाली माझी सही केली. वीस वर्षांत परवानगीशिवाय केलेली ही माझी पहिलीच सही. आठवीच्या बारा जणांना मी बोलावलं नव्हतं, ते वर्गातून आपणहून उतरले. बायका पुढे, मुलं मागे, हातभर रुंद पट्टे पडले. आमची मुलं कापलेलं गवत ओढून कडेला रचत होती आणि ज्याचं आवरलं तो शेजाऱ्याच्या पट्ट्यात शिरत होता. साप निघाला नाही. क्रिकेटचे सात चेंडू निघाले.

प्रिन्सिपल मॅडम खिडकीतून बघत होत्या. अर्ध्या तासाने खाली आल्या. मी बोलणी खायला तयार होते. त्या गवताच्या ढिगापाशी येऊन थांबल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "यांना काहीतरी द्यायला हवं ना?"

"द्यायचं नसतं, मॅडम," मी म्हटलं.

उरलेले दोन तास कोमल रेवाच्या बाकावर बसली, मग प्रयोगशाळेत गेली. सूक्ष्मदर्शकाखाली तिने कांद्याचं साल पाहिलं. मध्येच घंटा वाजली, शिकवणाऱ्या बाईंचं वाक्य अर्धंच राहिलं, आणि कोमलने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हणाले, "सांगितलं होतं ना तुला."

त्या चोवीस पिशव्या अजून माझ्या कपाटात आहेत, वह्यांवर धूळ बसायला लागलीय. त्या प्रवासातून माझ्याकडे काय उरलं म्हणाल तर वर्गातला एक बदल. हल्ली गणित आधी सुटलेली मुलं हात वर करत नाहीत, मागच्या बाकाकडे वळतात. वर्गात थोडा गलका होतो, तो मी चालू देते.

त्या शनिवारी निघताना मंदाबाईंनी गेटवर वॉचमनकडून विळे परत घेतले आणि बोटांवर हिशेब केला. "तुमी बारा हुता. आमी धाच आलो, गुरुजींना धरत न्हाई. दोन दिस अजून हायेत."

प्रिन्सिपल मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मग परत कधी येताय?"